मुळाकडे परतणाऱ्या मंडळ्या आणि आपला पूर्वग्रह

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर-कोरपना पट्ट्यात ख्रिस्ती म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक जुन्या मिशनच्या ख्रिस्ती माणसांचे: दगडी चर्च, शाळा, दवाखाना, झगा घातलेला पाळक. दुसरे भाड्याच्या खोलीत नाहीतर पत्र्याच्या शेडखाली जमणाऱ्यांचे: जमिनीवर सतरंजी, मराठी-तेलुगू-हिंदीची सरमिसळ, टाळ्या, मोठ्या आवाजातली प्रार्थना. पहिल्यांना चर्चवाले म्हणतात, दुसऱ्यांना हालेलुयावाले. पहिल्यांविषयी बहुतेकांच्या मनात थोडा आदर असतो, दुसऱ्यांविषयी संशय. सिमेंट कारखान्यांमुळे इथे दूरदूरच्या राज्यांतून माणसे आली आणि येताना आपापल्या मंडळ्याही घेऊन आली. त्यामुळे हा संशय आता शेजारच्या दारापर्यंत पोचला आहे.

त्या संशयामागे एक ठाम मत आहे. खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, म्हणून तो मांडतो. या मंडळ्या अमेरिकेत जन्मल्या, डॉलरवर वाढल्या आणि आपल्याकडे अगदी अलीकडे आल्या. त्यांना इतिहास नाही आणि धर्मशास्त्रही नाही. पाट्या निरनिराळ्या असल्या तरी सगळ्या एकाच माळेचे मणी. त्यांचे काम एकच: घरे फोडायची, गावे फोडायची, जुनी चर्चेही फोडायची. हे मत केवळ धर्मांतरविरोधी संघटनांचे असते तर मी लिहायला बसलो नसतो. जुन्या चर्चमधले पाळक, पुरोगामी प्राध्यापक, तालुक्याचे वार्ताहर हेच बोलतात, आणि ते अभ्यासाअंती ठरल्यासारखे बोलतात. माझे म्हणणे असे की या मतातले बहुतेक मुद्दे इतिहासाला धरून नाहीत, आणि जिथे त्यात तथ्य आहे तिथे ते तथ्य भलत्याच माणसांच्या माथी मारले गेले आहे.

आधी हा विचार काय आहे ते पाहू. अभ्यासक त्याला पुनःस्थापनावाद म्हणतात. येशूच्या शिष्यांनी पहिल्या शतकात उभ्या केलेल्या मंडळीवर पुढे राजसत्ता, पुरोहितशाही, धर्मसभांचे ठराव आणि विश्वासांगीकार यांची पुटे चढली, अशी त्याची तक्रार आहे. सोळाव्या शतकात ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांनी चर्च सुधारले, पण सुधारणा म्हणजे जुन्याच घराची डागडुजी. पुनःस्थापनावादी म्हणतो, डागडुजी नको. नव्या करारात दिसते तशी मंडळी पुन्हा उभी करा.

मराठी वाचकाला ही मागणी अनोळखी वाटायचे कारण नाही. स्वामी दयानंदांनी १८७५ मध्ये आर्य समाज स्थापन केला तो मुंबईत, आणि त्याची भूमिका हीच होती: पुराणे, मूर्ती, कर्मकांड ही मागाहून साचलेली पुटे, प्रमाण एकटा वेद. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये निर्मिक आणि माणूस यांच्यामधला दलाल नाकारला. आर्य समाज आणि सत्यशोधक समाज यांचे एकमेकांशी पटणारे नव्हते. तरीही मधला थर खरवडून मुळाशी जाण्याची ओढ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या रानावनात जशी होती तशीच मुंबई-पुण्यातही होती. ती एका देशाची मिरास नाही.

अमेरिकेतली हकीकत सांगायलाच हवी, कारण पूर्वपक्षाला ती पुरती माहीत नाही. ऑगस्ट १८०१ मध्ये केंटकी राज्यात केन रिज या ठिकाणी प्रचंड उपासना-मेळावा भरला. प्रेस्बिटेरियन पाळक बार्टन स्टोन यांच्या मंडळीचे ते ठिकाण. तीनच वर्षांत स्टोन आणि त्यांच्या सोबत्यांनी आपली स्प्रिंगफील्ड प्रेस्बिटरी ही संघटना स्वतःच विसर्जित केली आणि तसे मृत्युपत्र लिहून जाहीर केले. आपण फक्त ख्रिस्ती, दुसरे नाव नको, ही त्यामागची भावना. इकडे उत्तर आयर्लंडहून आलेले थॉमस कॅम्पबेल यांनी १८०९ मध्ये एक जाहीरनामा काढला. बायबल जिथे बोलते तिथे बोलावे आणि जिथे गप्प आहे तिथे गप्प राहावे, हे त्यांचे सूत्र. त्यांचा मुलगा अलेक्झांडर याने ही चळवळ वाढवली, आणि १८३२ च्या सुरुवातीला लेक्झिंग्टन इथे दोन्ही प्रवाह एक झाले. दर रविवारी प्रभुभोजन, समजत्या वयात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा, प्रत्येक मंडळी स्वतंत्र, वर कोणी बिशप नाही, ही त्यांची ओळख. आणि हे सगळे कशासाठी, तर ख्रिस्ती माणसांत ऐक्य व्हावे म्हणून. पंथांच्या नावांनी माणसे फुटली, तेव्हा नावेच टाकून द्या, हा त्यांचा तर्क. ज्या चळवळीवर आज फोडाफोडीचा आरोप होतो, तिचा जन्म ऐक्याच्या ध्यासातून झाला.

आता ‘एकाच माळेचे मणी’ हा मुद्दा. मुळाकडे जायचे म्हणून निघालेली माणसे त्याच शतकात त्याच देशात निरनिराळ्या ठिकाणी पोचली. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात मंडळी स्थापली. खरी याजकी पृथ्वीवरून नाहीशी झाली होती, ती देवदूतांकरवी आपल्याकडे परत आली, असे ते म्हणत, आणि बायबलच्या जोडीला त्यांनी मॉर्मनचा ग्रंथही दिला. विल्यम मिलर यांच्या गणितावर भरवसा ठेवून हजारो माणसे २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहत बसली. तो दिवस सरला, काहीच घडले नाही, आणि त्या भंगातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली: शनिवारचा शब्बाथ, आहाराचे नियम, शाकाहाराचा आग्रह. चार्ल्स टेझ रसेल यांनी १८७९ मध्ये वॉचटॉवर मासिक सुरू केले. त्यांचे अनुयायी १९३१ पासून यहोवाचे साक्षीदार म्हणवतात आणि त्रैक्याचे मत बायबलबाह्य म्हणून नाकारतात. कॅम्पबेलच्या मंडळीला मॉर्मन ग्रंथ पाखंड वाटतो, साक्षीदारांना ॲडव्हेंटिस्टांचा शब्बाथ अनावश्यक वाटतो, आणि पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल लोकांना हे सगळेच कोरडे वाटतात. यांना एका माळेत ओवणारा माणूस वारकरी, महानुभाव आणि लिंगायत यांनाही एकच म्हणेल.

‘अगदी अलीकडे आले’ हा मुद्दा तर तारखांपुढे टिकतच नाही. अशाच मुळाकडे जाऊ पाहणाऱ्या प्लिमथ ब्रदरन चळवळीच्या आरंभीच्या प्रेरकांपैकी अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हे बगदादहून १८३३ मध्ये मुंबईत उतरले. पगार नको, मिशनरी संस्था नको, प्रेषितांसारखे केवळ विश्वासावर जगायचे, हा त्यांचा बाणा. मॉर्मन मिशनरी ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईला आले आणि पुण्यात एक छोटी मंडळी जमवली. ती काही वर्षांतच विरून गेली, पण पुण्यात ती होती तेव्हा १८५७ चे बंडही अजून झाले नव्हते. ॲडव्हेंटिस्टांचे स्पायसर कॉलेज १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झाले आणि १९४२ मध्ये पुण्यात आले. साक्षीदारांचे मुंबईतले कार्यालय १९२६ चे. आपल्या चंद्रपूरच्या स्कॉटिश एपिस्कोपल मिशनचे पाळक अलेक्झांडर वूड यांनी चांद्याच्या कामावर पुस्तक काढले ते १९०६ मध्ये. म्हणजे ज्यांना आपण जुने मानतो आणि ज्यांना नवे, त्यांच्यात अंतर आहे ते एका-दोन पिढ्यांचे.

आणि कॅम्पबेलच्या मंडळीची भारतातली पहिली मुक्कामाची जागा विदर्भातली आहे, हे विदर्भातल्या किती लोकांना ठाऊक आहे? १८८२ च्या अखेरीस डिसायपल्स ऑफ क्राइस्ट या अमेरिकन मंडळीची पहिली तुकडी मुंबईत उतरली. ग्रीन लॉरेन्स व्हार्टन आणि अल्बर्ट नॉर्टन हे दोघे सपत्नीक, आणि सोबत चार अविवाहित स्त्रिया. ते प्रथम वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला गेले. तिथून काही महिन्यांत हरद्याला. हरदा आज मध्य प्रदेशात असले तरी तेव्हा हरदा आणि चांदा एकाच मध्य प्रांतात होते. हरद्याहून बिलासपूर, मुंगेली, दमोह असे त्यांचे काम पसरले. १८९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या त्याच परंपरेच्या मंडळ्यांनी मेरी थॉम्पसन यांना हरद्यालाच पाठवले. पुढे या ऑस्ट्रेलियन मंडळ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारामतीत ठाणे मांडले, दौंडला रुग्णालय चालवले, श्रीगोंद्याला मुलांसाठी काम केले. प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणून हिणवल्या जाणाऱ्या ‘नव्या’ मंडळ्यांच्या एका मोठ्या शाखेने पुणे जिल्ह्यात शस्त्रक्रिया केल्या, ही नोंद आपल्या वादात कधी येत नाही.

बारामतीची दुसरी नोंदही लपवायची नाही. इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवून वसाहतींत डांबले. मुंबई इलाख्यातल्या अशा काही वसाहती मिशनऱ्यांच्या हाती दिल्या गेल्या, आणि बारामतीची वसाहत या ऑस्ट्रेलियन मिशनकडे होती. राज्यसत्तेने चर्चला भ्रष्ट केले हे ज्यांच्या मतप्रणालीचे पहिले वाक्य, त्यांनीच सरकारच्या वतीने हजेरी घ्यावी, माणसांच्या येण्याजाण्यावर पहारा ठेवावा! शाळा काढली, रोजगार दिला, हे खरे. तरी त्या माणसांचे स्वातंत्र्य हिरावलेलेच होते, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. या मंडळ्यांवर टीका करायची तर ती इथे करावी. ही टीका दस्तऐवजांवर उभी राहते. ‘डॉलरवाले’ म्हणून मारलेली हाळी तशी उभी राहत नाही.

अल्बर्ट नॉर्टन यांचे पुढे काय झाले ते पाहिले की पूर्वपक्षाचा सर्वांत लाडका मुद्दा कोसळतो. पश्चिम भारतातल्या दुष्काळांनंतर ते दौंडला अनाथ मुलांचा आश्रम चालवू लागले. तिथून जवळच केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन होते. जानेवारी १९०५ पासून रमाबाईंनी तिथे प्रार्थनेसाठी मंडळे जमवली होती, आणि जूनअखेरीस मुलींमध्ये रडणे, पापकबुली, तासन् तास प्रार्थना, पुढे अन्य भाषांत बोलणे असा जागृतीचा लोंढा आला. नॉर्टन हे त्याचे एक साक्षीदार होते. लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरची उपासना, जिला जगभरचे लोक पेंटेकॉस्टल चळवळीची जन्मभूमी मानतात, ती एप्रिल १९०६ मध्ये सुरू झाली. म्हणजे केडगाव आधी. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि ती चिलीतल्या व्हॅल्पराइझो शहरी आपल्या जुन्या मैत्रिणीला, मे लुईस हूवर यांना पाठवली. त्यांचे पती विलिस हूवर हे तिथले मेथडिस्ट पाळक. १९०९ मध्ये चिलीत जी जागृती झाली आणि जिच्यातून तिथली स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळी निघाली, तिच्या मुळाशी दौंड तालुक्यातली ही ठिणगी आहे. टाळ्या आणि हालेलुया अमेरिकेहून आले म्हणणाऱ्याने हा क्रम एकदा नीट वाचावा.

रमाबाईंचा दाखला मी केवळ तारखेसाठी देत नाही. पुनःस्थापनावादाचा जो गाभा, म्हणजे मध्यस्थ नाकारून मूळ वचनाशी थेट उभे राहणे, तो त्यांच्याइतका लखलखीत दुसऱ्या कोणात मला दिसत नाही. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन जोगिणींच्या छत्राखाली. त्यानंतर तिथल्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार पेटला. चर्चची आज्ञा आली म्हणून मान तुकवा, ही अपेक्षा. आणि एका पुरोहितशाहीतून सुटले ते दुसरीत अडकायला नव्हे, हा रमाबाईंचा पवित्रा. अथनेशियसच्या नावाचा विश्वासांगीकार त्यांना पचला नाही. ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत आपण आलो, कोण्या एका पंथात नाही, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे संपूर्ण मराठी भाषांतर एकटीने केले. खेड्यातल्या बाईला कळावे अशा मराठीत, मुक्तीतल्याच छापखान्यासाठी, एप्रिल १९२२ मधल्या मृत्यूच्या अगदी तोंडापर्यंत त्या ते करत होत्या. कॅम्पबेलच्या चळवळीशी त्यांचा सांप्रदायिक संबंध नव्हता. कॅम्पबेलला जी वाट अमेरिकेत सापडली ती या शास्त्र्याच्या मुलीला स्वतःच्या बुद्धीने सापडली.

नारायण वामन टिळक दुसऱ्या बाजूने तिथेच आले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेताना तो भारतीय पाळकाच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा. मिशनची चौकट ओलांडून थेट गुरू आणि शिष्य या नात्याकडे जाणे, हे पुनःस्थापनेचे अस्सल मराठी रूप. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते वारले आणि दरबार वाढला नाही. वाढला असता तर त्यालाही आपण ‘नवा पंथ’ म्हणून हिणवले असते का?

आता आपल्या दाराशी येऊ. राजुरा तालुका, ज्यात तेव्हा कोरपना-गडचांदूरचा हा मुलूख मोडत असे, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तिथून तो नांदेडला जोडला आणि १९५९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात आला. इथल्या ख्रिस्ती वस्त्यांचे सगेसोयरे, सोयरिकी, सभा-संमेलने आजही आदिलाबादकडे वळतात. त्या बाजूला तेलुगू मुलखात बख्त सिंग यांच्या मंडळ्यांचे जाळे आहे. १९०३ मध्ये पंजाबात शीख घराण्यात जन्मलेले बख्त सिंग इंजिनियरिंग शिकायला परदेशी गेले, तिथे ख्रिस्ती झाले, १९३२ मध्ये व्हँकुव्हरला बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या वर्षी मुंबई बंदरात उतरले. १९४१ मध्ये मद्रासला आणि १९५० मध्ये हैदराबादला हेब्रोन या ठिकाणी त्यांनी मंडळ्या उभ्या केल्या. पंथाचे नाव नाही, परदेशी मिशन नाही, पाळकाला ठरलेला पगार नाही. सर्वांनी चटईवर बसायचे, तासन् तास उपासना, नंतर सगळ्यांनी एकत्र भात जेवायचा. वर्षाकाठी होणाऱ्या पवित्र सभांना हजारो माणसे जमत आणि सारी जेवून जात. २००० मध्ये हैदराबादला ते वारले तेव्हा या मंडळ्या देशभर शेकड्यांनी होत्या. हे सारे भारतीय माणसाने, भारतीय रीतीने, परदेशी संस्थेचा हात झटकून केले. गडचांदूरच्या एखाद्या खोलीत सतरंजीवर बसलेला तेलुगू कामगार याच परंपरेतला असू शकतो. त्याला ‘अमेरिकेचा माणूस’ म्हणताना आपण काय बोलतो याचे भान हवे.

पैशाचा मुद्दा राहिला. परदेशी पैसा ख्रिस्ती संस्थांकडे आला, येतो. रमाबाईंच्या मुक्तीलाही आला. पण तो केवळ नव्या मंडळ्यांकडेच आला का? मोठ्या इमारती, महाविद्यालये, रुग्णालये असलेल्या जुन्या मिशनांकडेही आला, ज्यांना आपण आदराने ‘चर्चवाले’ म्हणतो. २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशातून एक रुपयाही घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतूनच यावा लागतो. कोणाची नोंदणी आहे त्याची यादी गृह मंत्रालयाकडे असते. आरोप करणाऱ्याने ती तपासावी. भाड्याच्या खोलीची मंडळी तिथे सापडली तर नावानिशी लिहावे, सापडली नाही तर आरोप मागे घ्यावा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती होते सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्काही नाही.

फोडाफोडीच्या आरोपात मात्र तथ्य आहे, आणि त्याचे मूळ परदेशी कटात शोधण्याची गरज नाही. ते या विचाराच्या पोटातच आहे. कॅम्पबेलपंथीयांची वचने दोन होती: ऐक्य आणि मूळ नमुना. दोन्ही एकदम पाळता येईनात. नव्या करारात वाद्यांचा उल्लेख नाही, तर उपासनेत ऑर्गन वाजवावा का? मिशनरी सोसायटीचा उल्लेख नाही, तर ती काढावी का? बायबलचे मौन म्हणजे मनाई की मोकळीक, यावर माणसे तुटली आणि १९०६ च्या अमेरिकन धार्मिक जनगणनेत चर्चेस ऑफ क्राइस्ट आणि डिसायपल्स अशा दोन वेगळ्या नोंदी झाल्या. तिथे नमुन्याने ऐक्याला हरवले. आपल्याकडे उलट घडले, आणि तेही विदर्भात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींचे ते फळ. सहा मंडळ्या एक झाल्या: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, चर्च ऑफ द ब्रदरन (प्लिमथ ब्रदरन नव्हे), ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, आणि आपले डिसायपल्स. बाळाचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही ग्राह्य ठरले. बिशपही आले. डिसायपल्सनी आपल्या नमुन्याचा मोठा भाग सोडला आणि पहिले वचन पाळले. मेथडिस्टांची मोठी शाखा ऐनवेळी मागे फिरली. ‘फोडणारे’ म्हणवले जाणारे पुनःस्थापनावादी मागे फिरले नाहीत. नागपूरच्या त्या दिवसाचा पूर्वपक्षाने एकदा तरी उल्लेख करायला हवा होता.

इतके मंडन झाल्यावर या मंडळ्यांच्या स्वतःच्या एका मताचेही खंडन केल्याशिवाय लेख पुरा होत नाही. त्यांच्यातले पुष्कळजण सांगतात की आम्हाला इतिहास नाही, आम्ही थेट पहिल्या शतकातून आलो. हे मान्य करता येत नाही. नव्या कराराची सत्तावीस पुस्तके नेमकी आज आहेत तशी यादीत आढळतात ती अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात. जो सत्तावीस पुस्तके प्रमाण मानतो त्याने चौथ्या शतकापर्यंतच्या मंडळीचा निवाडा आधीच स्वीकारलेला असतो. शिवाय पहिल्या शतकातली मंडळी तरी एकसाची कुठे होती? करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला काहीजण उपाशी राहत आणि काहीजण पिऊन झिंगत. अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांसमोर धारेवर धरले. यातला कोणता नमुना परत आणायचा? त्याच पुस्तकातून कॅम्पबेलला रविवारचे भोजन, ॲडव्हेंटिस्टांना शनिवार आणि रसेलला त्रैक्याचा अभाव मिळाला, म्हणजे वाचणाऱ्याचा काळ आणि जागा त्या वाचनात शिरलेच. मराठी नीलकंठशास्त्री गोरे हे ओळखून होते. काशीत वाढलेले, षड्दर्शनांचे खंडन लिहिणारे हे पंडित ख्रिस्ती झाल्यावर मंडळीच्या परंपरेकडे वळले आणि अखेरपर्यंत तिच्याच बाजूचे राहिले. रमाबाई आणि गोरे यांच्यातले हे अंतर मराठी ख्रिस्ती विचारातला सर्वांत मौल्यवान वाद आहे, आणि मला तो रमाबाईंच्या बाजूने सुटलेला दिसतो, पण गोऱ्यांना उत्तर दिल्याशिवाय नाही. विश्वासांगीकार टाकला की प्रवचनकाराचा शब्द हाच विश्वासांगीकार होऊन बसतो. वर धर्मसभा नाही, मग त्याला विचारणार कोण? डॉक्टरकडे जाऊ नका असे एखाद्या खोलीतला पास्टर म्हणाला तर त्याला अडवणारा कोणी नसतो. मुळाकडे जाऊ पाहणाऱ्या मंडळीत हा धोका खरा आहे.

एक शेवटचा आक्षेप, देशनिष्ठेचा. यहोवाचे साक्षीदार राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून त्यांना आणि त्यांच्यासोबत सगळ्याच नव्या मंडळ्यांना देशद्रोही ठरवले जाते. १९८५ मध्ये केरळात याच कारणाने तीन भावंडांना शाळेतून काढले. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत, फक्त गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती दत्त यांनी, त्यांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहणे पुरेसे आहे आणि गाण्याची सक्ती धर्मस्वातंत्र्य व भाषणस्वातंत्र्य या हक्कांच्या विरुद्ध आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्रैक्य नाकारणाऱ्या त्या मुलांच्या मताशी मी सहमत नाही. पण आज त्या निकालाचे संरक्षण प्रत्येक भारतीयाला आहे, माझ्या विरोधकालाही.

म्हणून राजुरा-कोरपना-जिवती भागातल्या वार्ताहरांना, शिक्षकांना आणि ग्रामपंचायतीतल्या माणसांना माझी विनंती आहे. ‘हालेलुयावाले’ हा शब्द बातमीत लिहू नका. मंडळीचे नाव विचारा, ती कोणत्या परंपरेची आहे ते विचारा, बाप्तिस्मा कोणत्या वयात होतो आणि वर्गणी कोण देते ते विचारा, गुन्हा घडला असेल तर गुन्हेगाराचे नाव लिहा. आणि या मंडळ्यांच्या पाळकांना विनंती अशी की आम्हाला इतिहास नाही असे म्हणणे बंद करा. मंडळी कोणत्या साली जमली, कोणी जमवली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, पैसा कुठून आला, हे वहीत लिहून ठेवा. अचलपूर आणि हरद्याला आलेल्यांनी तसे लिहून ठेवले होते, म्हणूनच १८८२ ची हकीकत आज सांगता येते.